पत्रिकेआधी गावाचं आकाश

गोंदियाला सूर्य वर येतो तेव्हा बुलढाण्यात अजून झुंजुमुंजूच असतं. दोन्ही ठिकाणं विदर्भातलीच, पण गोंदियाचा रेखांश ८०°१२′ पूर्व आणि बुलढाण्याचा ७६°११′. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं लागतात, म्हणजे दोन्हीकडच्या उगवतीत साधारण सोळा मिनिटांचा फरक. घड्याळात मात्र दोन्हीकडे एकच वेळ, कारण घड्याळ ८२°३०′ या रेखांशाचं आहे. ती भारतीय प्रमाणवेळ. नागपूरचा सूर्य या घड्याळाच्या सुमारे चौदा मिनिटं मागे चालतो, यवतमाळचा साडेसतरा, अकोल्याचा बावीस आणि मुंबईचा तब्बल एकोणचाळीस मिनिटं मागे.

ज्योतिष शिकायचं तर सुरुवात या मिनिटांपासून करावी. पत्रिका म्हणजे एका क्षणी एका गावावर असलेलं आकाश, बारा घरांत लिहून ठेवलेलं. त्या क्षणी गुरू कुठल्या राशीत होता, शनी कुठे होता, हे गोंदियात, मुंबईत किंवा लंडनमध्ये सारखंच असतं. पण पूर्वेच्या क्षितिजावर कुठली रास उगवत होती, हे गावागणिक बदलतं. त्या उगवत्या राशीलाच लग्न म्हणतात, आणि पत्रिकेची बाराही घरं तिथून मोजली जातात. गाव चुकलं किंवा वेळ चुकली, तर पुढे कितीही जाणकार माणूस बसवा, तो दुसऱ्याच कुणाचं आकाश वाचत असतो.

शिकणाऱ्याने भाकिताच्या पुस्तकाला हात लावण्याआधी महिनाभर रात्री चंद्र पाहावा, असं माझं ठाम मत आहे. विदर्भातल्या खेड्यांत हे अजून जमतं. वावरात जागलीला जाणाऱ्या माणसाला जे आकाश दिसतं, ते शहरातल्या गच्चीवरून दिसत नाही. सूर्य ज्या वाटेने वर्षभरात आकाशाला एक फेरी घालतो, त्या वाटेचे ३६० अंश. त्याचे बारा समान भाग केले की प्रत्येकी ३० अंशांची एक रास. त्याच वाटेचे सत्तावीस भाग केले की प्रत्येकी १३ अंश २० कलांचं एक नक्षत्र (साठ कलांचा एक अंश). एका नक्षत्राचे चार चरण, एक चरण ३ अंश २० कलांचा. नऊ चरण, म्हणजे सव्वादोन नक्षत्रं मिळून एक रास होते. चंद्र सव्वासत्तावीस दिवसांच्या आसपास ही फेरी पुरी करतो, म्हणून रोज साधारण एक नक्षत्र ओलांडतो. आज तो कृत्तिकेच्या पुंजक्याजवळ दिसला, तर उद्या तांबूस रोहिणीशी, परवा मृगाकडे. हिवाळ्यातल्या चार-पाच रात्री हे पाहिलं की 'चंद्र रोहिणीत आहे' हे वाक्य डोळ्यांनी कळतं. महिन्यांची नावंही यातूनच आली. पौर्णिमेचा चंद्र चित्रेच्या आसपास असतो तो चैत्र, विशाखेजवळ असतो तो वैशाख, कृत्तिकेजवळ तो कार्तिक. आकाश ओळखायच्या दुसऱ्याही रीती याच मुलखात आहेत. गोंड घरांत सप्तर्षीच्या चार ताऱ्यांना खाट म्हणतात आणि मृगाच्या ताऱ्यांत नांगर पाहतात. शिकणाऱ्याने त्याही विचारून घ्याव्यात, तारे लवकर लक्षात राहतात.

आता पंचांग. त्याची अंगं पाच: तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. यातली तिथी नीट समजली की बाकीचं सोपं होतं. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी पुरी होते. समजा सूर्य ४० अंशांवर आहे आणि चंद्र ९५ वर. अंतर ५५. बाराने भागलं की चार पूर्ण तिथी आणि वर काही उरतं, म्हणजे शुद्ध पंचमी चालू आहे. अर्ध्या तिथीचं एक करण, आणि सूर्य-चंद्रांच्या अंशांची बेरीज १३ अंश २० कलांनी भागली की योग. इतकंच. चंद्राचा वेग सारखा नसल्याने तिथी कधी १९ तासांत आटोपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. त्यामुळेच एखादी तिथी क्षय पावते, एखादीची वृद्धी होते.

दिवसाला नाव मिळतं ते सूर्योदयाला चालू असलेल्या तिथीचं, आणि इथे पुन्हा गाव मधे येतं. जून महिन्यात गोंदियाला साडेपाचच्या जरा आधी सूर्य उगवतो, बुलढाण्याला पावणेसहाच्या सुमारास. समजा चतुर्थी ५ वाजून ३५ मिनिटांनी संपली. गोंदियाचा सूर्योदय चतुर्थीत झाला, बुलढाण्याचा पंचमीत. एकाच तारखेला दोन जिल्ह्यांत दोन तिथी, आणि दोन्ही बरोबर. पंचांग विकत घेताना सूर्योदयाच्या वेळा कुठल्या शहराच्या दिल्या आहेत हे पहिल्या पानांत बघून घ्यावं आणि आपल्या गावाचा फरक पेन्सिलीने तिथेच लिहून ठेवावा.

सीमेवरच्या गावांसाठी आणखी एक खुलासा लागतो. विदर्भात महिना अमावास्येला संपतो, पलीकडे बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याकडे तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकाच नावाचा, वद्य पक्षाचं नाव मात्र वेगळं. आपली श्रावण वद्य अष्टमी तिकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी होते. तिकडून आलेल्या जुन्या पत्रिकेत 'भाद्रपद कृष्ण' दिसलं की आपल्याकडचा श्रावण समजायचा, नाहीतर इंग्रजी तारीख काढताना महिन्याभराची चूक होते.

शेतकरी घरात नक्षत्र म्हटलं की चंद्राचं नव्हे, सूर्याचं नक्षत्र डोळ्यांपुढे येतं. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा-चौदा दिवस राहतो. २५ मेच्या आसपास रोहिणी लागते, ७-८ जूनला मिरग, २१-२२ जूनला आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, असं करत सप्टेंबरच्या अखेरीस हस्त आणि ऑक्टोबरात चित्रा, स्वाती. रोहिणी लागते त्याच सुमारास, २६ मेच्या आगेमागे, नागपुरात भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सूर्य बरोबर डोक्यावर असतो. घड्याळात तेव्हा १२ वाजून १० मिनिटं झालेली असतात, बारा नव्हे (मेअखेर सूर्य आपल्या सरासरी चालीपेक्षा तीन-चार मिनिटं पुढे असतो, म्हणून चौदाऐवजी दहा). आपल्या गावाचा फरक स्वतः मोजून बघायची इतकी सोपी संधी वर्षात दोनदाच येते, मेमध्ये आणि जुलैत. जुलैत मात्र ढग आडवे येतात.

पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्रापुढे वाहन दिलेलं असतं. ते काढायची रीत अशी: सूर्य नक्षत्र बदलतो त्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते बघायचं, सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत दोन्ही धरून मोजायचं आणि नऊने भागायचं. बाकी १ उरली तर घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव, शून्य उरली तर हत्ती. सूर्य मृगात गेला आणि चंद्र पूर्वाषाढात असला तर मोजणी सोळा, बाकी सात, वाहन म्हैस. बेडूक, म्हैस, हत्ती असले की भरपूर पाणी, कोल्हा किंवा मेंढा असला की ओढ, असा संकेत. गणित सरळ आहे आणि त्यातूनच त्याची मर्यादाही दिसते. हे वाहन अख्ख्या देशाला एकच असतं. गडचिरोलीच्या धानाच्या बांधीत आणि बुलढाण्याच्या कपाशीच्या वावरात पडणाऱ्या पावसात दीडपटीहून जास्त फरक असतो, तो यात कुठेच येत नाही. शिवाय हे नक्षत्रप्रवेश ताऱ्यांशी बांधलेले असल्यामुळे ऋतूंच्या हिशोबात साधारण ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकतात. वराहमिहिराच्या काळी, सहाव्या शतकात, सूर्य मृगात जायचा तो आजच्यापेक्षा सुमारे वीस दिवस आधीच्या ऋतूत. मिरग आणि पाणी यांची सांगड कायमची नाही.

म्हणून मिरग लागला एवढ्यावर सरकी टोबू नये. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. ते यासाठी की तेवढ्या पावसानंतरच जमिनीत खोलवर ओल बसते. वरवरच्या ओलीवर अंकुर फुटतो, आठ-दहा दिवसांची उघाड आली की करपतो, आणि दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणावं लागतं. नक्षत्र कामाची आखणी करायला चांगलं आहे: रोहिणीत वखरणी उरकली का, मिरगाआधी बियाणं घरात आलं का. तिफण कधी धरायची हे ओलीवर ठरवावं. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते, गोलाकार घटात अठरा प्रकारचं धान्य, मधे घागर आणि मातीची चार ढेकळं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊस-पिकांचा अंदाज सांगतात. लोक तिला ज्योतिषच समजतात, पण तिच्यात ग्रहगणित नसतं. ती शकुनाची वेगळी परंपरा आहे.

आता प्रत्यक्ष पत्रिका. यवतमाळजवळच्या एखाद्या गावात १० नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून २५ मिनिटांनी मूल जन्मलं, असं धरू. त्या दिवशी सूर्य तुळेत २४ अंशांच्या जवळ असतो. सूर्य उगवतो तेव्हा क्षितिजावर सूर्याचीच रास असते, म्हणून सूर्योदयाचं लग्न तूळ. सूर्योदय साधारण ६ वाजून २४ मिनिटांनी. तुळेचे उरलेले अंश वर यायला अर्धा तास लागतो, म्हणजे ६ वाजून ५५ मिनिटांच्या आसपास वृश्चिक लागतं. वृश्चिक सव्वादोन तासांचं, ते नऊ-सव्वानऊला संपतं. धनूला दोन तासांहून थोडं जास्त लागतं, ते सव्वाअकराला संपतं. मूल ११:२५ चं, म्हणून लग्न मकर.

हीच पत्रिका मुंबईच्या लग्नसारणीवरून, म्हणजे कुठलं लग्न कधी लागतं-संपतं याच्या तक्त्यावरून, मांडली तर काय होईल? मुंबईत धनु लग्न ११:३५ च्या पुढेपर्यंत असतं. लग्न धनु येईल, आणि बाराच्या बारा घरं एकेका राशीने सरकतील. दुसरी चूक याहून जास्त होते: प्रत्येक लग्न सरसकट दोन तासांचं धरणं. पृथ्वी चोवीस तासांत बारा राशी फिरवते, म्हणून सरासरी दोन तास येते खरी, पण आपल्या अक्षांशावर मीन लग्न दीड तासाहून थोडंच जास्त टिकतं, वृश्चिक सव्वादोन तास. सरसकट दोन तास धरले तर आपल्या उदाहरणात धनु पावणेअकरालाच संपल्यासारखं दिसेल, आणि अकराला जन्मलेल्या मुलाला मकर लग्न मिळेल. सारणी हवी ती आपल्या अक्षांशाचीच, आणि वेळेत रेखांशाचा फरक घालून. मोबाइलवरच्या कार्यक्रमात हे आपोआप होतं, मात्र तिथे जन्मगाव निवडताना यादीत आपलं खेडं सापडत नाही आणि लोक बिनधास्त मुंबई किंवा दिल्ली निवडून मोकळे होतात. तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं ठिकाण निवडलं तरी पुरतं. तीस किलोमीटरच्या अंतराने लग्न सहसा पाव अंशाच्या आसपासच हलतं.

पत्रिका कागदावर मांडायची तर चौकोन काढायचा, दोन कर्ण ओढायचे आणि चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडायचे. बारा घरं तयार होतात. वरचं मधलं घर लग्नाचं, तिथून डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने दुसरं, तिसरं. घरात लिहिलेला आकडा राशीचा असतो, घराचा नव्हे. वरच्या घरात १० लिहिलं असेल तर मकर लग्न, 'दहावं घर' नाही. नवशिक्यांचा निम्मा गोंधळ इथेच होतो. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याकडे, तेलुगू घरांतल्या पत्रिका वेगळ्या दिसतात. त्यात राशी जागेवर पक्क्या, वरच्या डाव्या कोपऱ्यात मीन, तिच्या उजवीकडे मेष, आणि मोजणी घड्याळाच्या दिशेने. लग्नाच्या घरात तिरकी रेघ मारतात किंवा 'ल' लिहितात. आकाश तेच, मांडणी निराळी.

मग ग्रह बसवायचे. राशींचे धनी पाठच करावेत: मेष-वृश्चिक मंगळाच्या, वृषभ-तूळ शुक्राच्या, मिथुन-कन्या बुधाच्या, कर्क चंद्राची, सिंह रवीची, धनु-मीन गुरूच्या, मकर-कुंभ शनीच्या. सगळे ग्रह आपल्यापासून सातव्या घरावर पाहतात. मंगळ जास्तीचा चौथ्या-आठव्यावर, गुरू पाचव्या-नवव्यावर, शनी तिसऱ्या-दहाव्यावर. घरांचे विषय (तनू, धन, पराक्रम, सुख, संतती, रिपू, जोडीदार, मृत्यू, भाग्य, कर्म, लाभ, व्यय) कुठल्याही पंचांगाच्या मागच्या पानांत मिळतात, त्यावर इथे वेळ घालवत नाही.

त्यापेक्षा हातात आलेली पत्रिका बरोबर आहे का हे पाच मिनिटांत कसं ओळखायचं, ते जास्त मोलाचं. सूर्य उगवताना जन्मलेल्याचा रवी पहिल्या घरात किंवा त्याच्या अगदी शेजारी असतो. भर दुपारच्या जन्माचा दहाव्याच्या आसपास, मावळतीचा सातव्याच्या, मध्यरात्रीचा चौथ्याच्या. आपल्या उदाहरणात मकर लग्न आणि तुळेचा रवी, मोजा, दहावं घर आलं. जन्मवेळ सकाळची सांगतात आणि रवी चौथ्यात बसलाय, तर कुणीतरी सकाळ-रात्रीची अदलाबदल केली आहे. अमावास्येचा जन्म असेल तर रवी-चंद्र एका राशीत किंवा लगतच्या, पौर्णिमेचा असेल तर समोरासमोर. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधीच जात नाही, म्हणून तो रवीच्या राशीत किंवा शेजारच्या राशीतच हवा. शुक्र ४८ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून फार तर दोन राशी दूर. राहू-केतू नेहमी एकमेकांपासून सातव्या घरात. यातली एक गोष्ट जरी बिघडलेली दिसली तरी ती पत्रिका बाजूला ठेवावी आणि नव्याने मांडावी. तिच्यावरून कुणाच्या आयुष्याबद्दल एक शब्दही बोलू नये.

चुकांचं मूळ बहुतेक वेळा जन्मवेळेत असतं. घरी बाळंतपणं व्हायची तेव्हा 'ढोरं घरी यायच्या वेळेस', 'दिवेलागणीला', 'करीच्या दिवशी सकाळी' अशीच वेळ सांगितली जायची. दिवेलागण म्हणजे तासाभराचा पट्टा, त्यात लग्न बदलू शकतं. शाळेच्या दाखल्यावरची १ जून किंवा १ जुलै ही तारीख तर पुष्कळदा गुरुजींनी प्रवेशासाठी लिहिलेली असते, तिच्यावर पत्रिका मांडणं म्हणजे नसलेल्या जन्माची पत्रिका मांडणं. मध्यरात्रीनंतरचा जन्म हा वेगळाच सापळा. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, कॅलेंडरचा रात्री बाराला. मंगळवारी रात्री दोनला जन्मलेलं मूल घरच्यांच्या तोंडी 'मंगळवारचं' असतं, पंचांगातही मंगळवारचंच, पण तारीख बुधवारची पडते. मंगळवारची तारीख घातली तर चंद्र एक नक्षत्र मागे जातो. म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या पत्रिका तपासताना लक्षात ठेवावं की १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे देशातली घड्याळं तासभर पुढे केली होती. त्या काळच्या घड्याळी वेळेतून एक तास वजा करायचा. आजच्या बाळंतपणात दवाखान्याच्या नोंदीतली वेळ मिनिटासह उतरवून घ्यावी, चोवीस तासांच्या पद्धतीने, म्हणजे सायंकाळचे पावणेसात '१८:४५'.

वेळ कितपत नेमकी हवी हे दशेच्या हिशोबातून कळतं. दशा म्हणजे आयुष्यातला एकेका ग्रहाच्या नावाचा काळ. विंशोत्तरी दशा १२० वर्षांची: केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७. अश्विनीपासून या क्रमाने नक्षत्रं वाटलेली. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात, त्याच्या धन्याची दशा चालू, आणि नक्षत्राचा जेवढा भाग उरला तेवढीच दशा उरली. चंद्र वृषभेत १५ अंशांवर असेल तर तो रोहिणीत आहे. रोहिणी वृषभेच्या १० अंशांपासून २३ अंश २० कलांपर्यंत. उरले ८ अंश २० कला, म्हणजे ८०० पैकी ५०० कला. रोहिणीचा धनी चंद्र, त्याची दहा वर्षं. त्यातली ६ वर्षं ३ महिने जन्मानंतर भोगायची राहिली. चंद्र तासाला सुमारे अर्धा अंश चालतो, म्हणून जन्मवेळ तासाने चुकली तर शुक्राच्या दशेत जवळजवळ दहा महिन्यांचा फरक पडतो. 'अमुक महिन्यात नोकरी लागेल' असं छातीठोक सांगणाऱ्याला आधी विचारावं, वेळ कुणाच्या घड्याळाची होती.

अयनांशाचा फरक याहून मोठा. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाची सूर्याची जागा, वर्षाला सुमारे ५० विकला (साठ विकलांची एक कला) मागे सरकतो, म्हणून ताऱ्यांवर आधारलेली निरयन रास आणि ऋतूंवर आधारलेली सायन रास यांत आज २४ अंशांहून थोडं जास्त अंतर पडलं आहे. या अंतरालाच अयनांश म्हणतात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रा ताऱ्यावर आधारलेला अयनांश धरला, आणि आज बहुतेक पंचांगं, मोबाइलवरचे बहुतेक कार्यक्रम तोच वापरतात. टिळक पंचांगाचा अयनांश रेवतीचा, सुमारे चार अंशांनी कमी. त्यामुळे त्या पंचांगात मकरसंक्रांत चार दिवस आधी येते. पण पत्रिकेत हेच चार अंश शुक्राच्या दशेत सहा वर्षांचा फरक पाडतात. दोन्ही पक्षांमागे अभ्यासू माणसं उभी आहेत. एका पत्रिकेत दोन्हींची सरमिसळ करणं मात्र कुठल्याच पक्षाला मान्य नाही, आणि खेड्यात वडिलांची पत्रिका एका पंचांगावरून, मुलाची दुसऱ्या, असं सर्रास होतं.

इथवरचं सगळं गणित आहे, पडताळता येतं. दुर्बिणीने बघा, पंचांगातला शनी आकाशातल्या शनीच्याच जागी सापडेल. यापुढचं फलित, म्हणजे भाकिताचा भाग, परंपरेने आलेलं आहे, त्याला अशी कसोटी लागत नाही. हा भेद शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगावा, कारण गावात खरं नुकसान होतं ते फलिताच्या दोन-तीन शब्दांनी. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं यांतल्या कुठल्याही घरात मंगळ असला की 'मंगळ आहे' म्हणतात. बारांपैकी पाच घरं. म्हणजे निव्वळ हिशोबाने दर बारा मुलींत पाचेक मुली मंगळाच्या ठरतात, आणि चंद्रापासूनही मोजायचं ठरवलं तर त्याहून अधिक. इतक्या साऱ्या लेकींना एकच दोष चिकटवून त्यांची लग्नं अडवणं हा अन्याय आहे. साडेसातीचंही असंच. शनी चंद्रराशीच्या बाराव्या, पहिल्या, दुसऱ्या राशीत असताना साडेसाती, म्हणजे बारांपैकी तीन राशींना ती कायम असतेच. २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत गेला तेव्हा कुंभ, मीन, मेष. गावातल्या चौथ्या हिश्श्याच्या माणसांचं एकदम वाईट होत नाही, आणि त्या भीतीपोटी शांतीसाठी दागिना गहाण ठेवायची काहीही गरज नाही. नावरास तर सोडूनच द्यावी. चरणाच्या अक्षरावरून नाव ठेवलं असेल (रोहिणीला ओ, वा, वी, वू) तरच नावावरून रास निघते. हाक मारायचं नाव आजीच्या आवडीचं असेल तर त्यातून काहीच निघत नाही.

सोयरिकीत गुण जुळवतात ते ३६: वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशीकूट ७, नाडी ८. अठरा जुळले की चालतं, अशी रूढी. हे सगळे गुण फक्त दोघांच्या चंद्रनक्षत्रावरून आणि राशीवरून निघतात. लग्नरास, मंगळ, दशा यांचा त्यात भागच नाही. नाडीला सगळ्यांत जास्त गुण, कारण ती संततीशी जोडलेली मानतात. सत्तावीस नक्षत्रं तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली, म्हणून कुठल्याही दोघांची नाडी एक यायची शक्यता तिनात एक. तेवढ्यावरून चांगली स्थळं मोडतात. संततीची काळजी खरीच असेल, तर विदर्भात ती रक्ताच्या तपासणीने करायची आहे. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, नागपूर, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. मुलगा आणि मुलगी दोघंही वाहक असतील तर दोघं दिसायला ठणठणीत असतात, पण प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघायची शक्यता चारात एक. सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली एवढ्यावर थांबू नये. तिच्यातून माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची रक्तचाचणी करून घ्यावी लागते, दोन्हीकडच्यांची, आणि साक्षगंधाची तारीख काढायच्या आधी.